यूकेहून गाडीने युरोपात जाताना कुत्र्याला हार्नेस, क्रेट की नुसती जाळी?

सुट्टीत कुत्र्याला घेऊन गाडीने फ्रान्स-जर्मनी-इटली करायचं ठरलं की सगळे आधी कागदांच्या मागे लागतात, आणि लागायलाच हवं म्हणा, कारण ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट, म्हणजे कुत्र्याचा आरोग्य दाखला, जायच्या आधीच्या १० दिवसांतच काढावं लागतं. पण गाडीत कुत्रा बांधायचा कशाने, हार्नेसने (छातीभोवतीचा पट्टा), क्रेटमध्ये (पेटीसारखा पिंजरा) की डिकी वेगळी करणाऱ्या जाळीमागे, हे मात्र आदल्या रात्री घाईघाईत ठरतं आणि मग पाच-सहा पाउंडांचा एक पट्टा मागवून मोकळे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. यूकेच्या हायवे कोडमधला, म्हणजे वाहतुकीच्या नियमावलीतला, नियम ५७ म्हणतो की प्राणी नीट बांधलेला हवा, आणि हार्नेस, कॅरियर, पिंजरा, जाळी हे सगळं त्याला चालतं. जर्मनीत कुत्रा चक्क 'सामान' धरला जातो आणि न बांधलेल्या सामानाचा दंड बसतो. इटलीची गंमत वेगळी, ड्रायव्हिंगच्या आड येत नसेल तर एक कुत्रा मोकळा चालतो, पण एकापेक्षा जास्त असले की पिंजरा हवा किंवा मागची जागा जाळीने वेगळी केलेली हवी. म्हणजे दोन कुत्रे असतील आणि इटलीत जायचं असेल तर हार्नेसचा विषय तिथेच संपला.

एकच कुत्रा असेल तर खरा सामना हार्नेस आणि क्रेटमध्ये. हॅचबॅकवाल्यांना बहुतेक हार्नेसच घ्यावा लागतो, कारण लॅब्रॅडॉरच्या मापाचं क्रेट पोलोसारख्या गाडीच्या डिकीत बसतच नाही. पण फिरायला नेतो तो हार्नेस वेगळा आणि गाडीचा वेगळा, हे डोक्यात पक्कं ठेवा. ५० किमीच्या वेगाने गाडी आपटणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून पडणं, आणि फिरायच्या हार्नेसचं प्लास्टिकचं बकल काही त्यासाठी बनवलेलं नसतं. बरं, पाकिटावर 'क्रॅश टेस्टेड' लिहायला सरकारी मानक वगैरे काही लागत नाही, त्यामुळे टेस्ट कोणी केली आणि किती वजनाच्या कुत्र्यासाठी ते शोधा. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था आहे, त्यांनी २०१३ मध्ये सुबारू या कार कंपनीच्या मदतीने हार्नेस तपासले तेव्हा स्लीपीपॉड कंपनीचा क्लिकिट युटिलिटी सगळ्यात सरस ठरला होता. त्यात गाडीचा बेल्ट हार्नेसमधूनच ओवला जातो, मला हीच पद्धत पटते.

तो स्वस्तातला क्लिपचा पट्टा असतो ना, त्याचं टोक बेल्टच्या बकलमध्ये जातं. कुत्रा जागेवर दोन गिरक्या घेऊन बसायला लागला की पंजा नेमका त्या लाल बटणावर पडतो, खट्ट, आणि पुढच्या मिनिटाला साहेब दोन सीटच्या मधून डोकं काढून हजर! पट्टाच घ्यायचा तर आयसोफिक्सला, म्हणजे मुलांची सीट अडकवायच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना, अडकणारा घ्या, म्हणजे बटणाची भानगड नाही. लांबी इतकीच ठेवा की त्याला आडवं होता येईल पण पुढे येता येणार नाही, आणि गळ्यातल्या कॉलरला तर अजिबात अडकवू नका, ब्रेक दाबला की सगळा झटका मानेवर जातो.

इस्टेट (लांब डिकीची गाडी) किंवा एसयूव्ही असेल तर मात्र मी डोळे झाकून क्रेट सांगेन. हायवेवर तासन् तास बसायचं तर कुत्रा त्यात निवांत झोपतो, केस सीटवर येत नाहीत, आणि जर्मन पोलिसाला समजावत बसायची वेळ येत नाही. मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवायचं आणि डिकीतल्या हुकांना बांधायचं, सुटं ठेवलं तर तेच उडून येईल. एकच खोट, मागून कोणी ठोकलं तर डिकीच आधी चेपते. स्वीडनच्या व्हॅरिओकेज नावाच्या पिंजऱ्यात त्याचा विचार केलाय, पिंजरा थोडा दबतो आणि मागच्या सीटकडून कुत्र्याला बाहेर काढायला झडप आहे, पण किंमत बघून पोटात गोळा येतो. घडीचं कापडी क्रेट हॉटेलच्या खोलीत छान, गाडीत भरवसा शून्य.

जाळी सगळ्यात स्वस्त. अपघातात तुमचा जीव वाचतो, कुत्रा मात्र डिकीत आपटतोच.

पिल्लू किंवा पॉमसारखा छोटा असेल तर एवढा विचारच नको, छोटं कडक क्रेट पुढच्या सीटच्या मागे खाली पायाच्या जागेत घट्ट बसतं, सीटवर ठेवून बेल्ट लावण्यापेक्षा ते बरं. आपल्याकडे पुण्यात मांडीवर घेऊन बसायची सवय असते, ती इकडे सोडा, त्यात पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर कुत्रा तुमच्या आणि तिच्या मध्येच.

क्रेट घ्यायचं ठरलंच तर डिकीचं तोंडही मोजा, आत मावतं पण दारातून जात नाही असं होतं. आणि निघायच्या दोन-तीन आठवडे आधी घरात उघडं ठेवून त्याला त्यातच जेवायला घाला, नाहीतर फोकस्टनहून समुद्राखालून गाड्या फ्रान्सला नेणाऱ्या ट्रेनमध्ये ३५ मिनिटं बंद गाडीत नुसतं भुंकणं ऐकत बसाल.