वायर पाइपात जाण्याआधी वजन करा: अभ्यासिकेच्या वायरिंगमध्ये झालेली फसवणूक

लातूरला आमची तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर क्लास आणि त्यावर मी स्वतः चालवतो ती अभ्यासिका. एकशे दहा खुर्च्या, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत मुलं बसलेली असतात. खाली उतरायला जिना एकच.

सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी आग लागली आणि क्लासला आलेली २२ मुलं गेली. ती दृश्यं माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेली नाहीत. म्हणून वायरिंगचं काम देताना मी एका गोष्टीवर अडून बसलो होतो, साधी वायर नको, एफआरएलएसच हवी, म्हणजे सहज पेट न घेणारी आणि कमी धुराची. साधी पीव्हीसी वायर जळते तेव्हा दाट काळा धूर होतो आणि त्यात हायड्रोजन क्लोराइड वायू असतो. डोळे उघडत नाहीत, घसा धरतो, समोरचा जिना दिसत नाही. एफआरएलएसमध्ये हा धूर आणि वायू दोन्ही कमी. हॅलोजन अजिबात नसलेली एचएफएफआर वायर त्याहून चांगली, पण तेव्हा तेवढे पैसे नव्हते.

ठेकेदार लायसन्सवाला होता, ओळखीतून आला होता. कोटेशनमध्ये त्याने सगळं स्वच्छ लिहून दिलं: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगला अडीचची, एसीला चारची, सगळी तांब्याची, एफआरएलएस, नावाजलेल्या कंपनीची. मीटर रूमपासून वरच्या पॅनेलपर्यंत अॅल्युमिनियमची आर्मर्ड (वर पोलादी कवच असलेली) एक्सएलपीई केबल, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या आवरणाची. पहिल्या दिवशी त्याने माझ्यासमोर दोन खोकी फोडली. माल अस्सल होता. मी सत्तर टक्के रक्कम दिली आणि सोयाबीनच्या राशीसाठी गावी गेलो. बारा दिवसांनी परत आलो तेव्हा वायर ओढून झाली होती, स्विचबोर्ड बसले होते आणि कोपऱ्यात रिकाम्या खोक्यांची थप्पी लावून ठेवली होती. ‘सर, माल कंपनीचाच आहे, खोकी मोजून घ्या,’ म्हणाला. मी खोकी मोजली.

काम संपल्यावर मेगर नावाचं मीटर लावून चाचणी झाली, रीडिंग उत्तम आलं. टेस्ट रिपोर्टवर सही त्याचीच. मेगर फक्त वायरीवरचं आवरण तपासतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आतला धातू तांब्याचा आहे की दुसरा, जाड आहे की बारीक, हे त्यात कळतच नाही.

एप्रिलमध्ये चारही एसी दिवसभर चालू लागले आणि एका दुपारी मागच्या रांगेतली मुलगी म्हणाली, ‘सर, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय.’ एसीचा सॉकेट हाताला चटका देत होता. एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडली नव्हती, आणि पडणारही नव्हती. एसी नेहमीइतकाच करंट घेत होता, गरम होत होता तो वायरीचा जोड.

मुलांना खाली उतरवलं, मेन बंद केला आणि जुन्या पेठेतल्या एका वयस्क वायरमनना बोलावलं. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी सॉकेट उघडला, काळं पडलेलं टोक कापलं, एक तार सुरीने खरवडली आणि माझ्या हातात दिली. वर तांबूस, आत पांढरी. मग तीच तार लायटरच्या ज्योतीवर धरली, ती वितळून तुटली. शेजारी अस्सल तांब्याची तेवढीच बारीक तार धरली, ती लाल झाली पण तुटली नाही. ‘सर, हे तांबं नाही. अॅल्युमिनियमवर मुलामा आहे,’ काका म्हणाले. अशी तार स्क्रूखाली हळूहळू दबते, जोड सैल होतो, वर ऑक्साइड धरतो आणि मग उष्णता वाढतच जाते.

स्टोअरमध्ये चारची एक न फोडलेली कॉइल उरली होती. खाली किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवली: एक किलो नऊशे ग्रॅम. चार चौरस मिलिमीटरची नव्वद मीटर वायर असेल, तर त्यात नुसतं तांबंच तीन किलो दोनशेच्या आसपास भरतं, आवरण वेगळं. हा हिशेब शाळेतल्या घनतेच्या गणिताइतका सोपा आहे आणि मी तो वायर पाइपात जाण्याआधी केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. लांबी मोजली, ब्याऐंशी मीटर. खोक्यावरचा आयएसआयचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला, तर तो दुसऱ्याच उत्पादनाचा निघाला. एफआरएलएस वायरीवर असतो तो एफआर-एलएसएच हा छाप कुठेच नव्हता. प्रयोगशाळेत दिली तेव्हा किलोमीटरला नऊ ओहमच्या वर रोध आला. आयएस ८१३० या भारतीय मानकाप्रमाणे चारच्या लवचीक तांब्याच्या वायरीला तो ४.९५ च्या आत हवा.

मग मीटर रूममधली केबल पाहिली. तिच्यावर छापलं होतं एवायएफवाय. एक्सएलपीई असती तर ए२एक्सएफवाय दिसलं असतं. ही पीव्हीसी, म्हणजे वाहक ७० अंशांपर्यंतच तापू द्यायचा. एक्सएलपीई ९० पर्यंत चालते. अक्षरं पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर होती, वाचता येत नव्हती.

ठेकेदार आधी म्हणाला दुकानदाराने फसवलं, मग फोन उचलणं बंद. बिल मागितलं तर जीएसटीचं बिल नव्हतंच, नुसती हातची पावती. वकिलांनी सांगितलं की ग्राहक आयोगात समोरचा ‘हे व्यावसायिक कारणासाठी होतं’ असा आक्षेप घेणार. स्वतःच्या उपजीविकेचा व्यवसाय आहे हे मला सिद्ध करावं लागेल. ते प्रकरण चालू आहे. सगळी वायर उपसून नवी ओढायला दोन लाख साठ हजार गेले आणि पाच आठवडे अभ्यासिका बंद राहिली, तीही परीक्षेच्या तोंडावर. मुलांची फी मी परत केली.

या वेळी प्रत्येक कॉइल काकांसमोर काट्यावर ठेवली, प्रत्येकीचं टोक खरवडलं, मगच ती पाइपात गेली. बिल थेट डीलरकडून माझ्या नावावर घेतलं, ठेकेदाराला फक्त मजुरी.

गेल्या आठवड्यात कळलं की त्याच पहिल्या ठेकेदाराने आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एका हॉस्टेलचं काम घेतलंय. मी काटा आणि ती पांढरी तार घेऊन मालकांकडे गेलो. आधी ते नाराज झाले, त्यांना वाटलं माझं काही जुनं भांडण आहे. मग त्यांनीच एक खोकं आणून काट्यावर ठेवलं. त्यांच्या भिंतीतले पाइप अजून रिकामे आहेत.