लहरी आंब्याच्या लाकडातून थाळी कातावी की भांडं?

आंब्याच्या जुन्या झाडाचा ओंडका चिरला की कधी आत लहरी निघतात, तर कधी बुरशीने ओढलेल्या काळ्या रेघा. असा तुकडा मिळाला की तो लेथवर (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) चढवण्याआधीच एक निर्णय घ्यावा लागतो: उथळ, पसरट थाळी की अरुंद तोंडाचं उभं भांडं? मी दोन्ही करत आलो आहे.

आकार कोणताही घ्या, त्यावर कंगोरे काढू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन. सावंतवाडी किंवा चन्नपट्टणच्या कातीव कामात कंगोरे शोभतात, कारण तिथलं लाकूड बहुधा फिकट आणि सपाट रेषेचं असतं आणि वर लाखेचा रंग चढतो. नक्षी कारागीर घालतो. लहरी आंब्यात ती आधीच असते. तिच्यावर कंगोरा आला की लहर तिथे तुटते आणि नजर कंगोऱ्यावरच अडते. एकच सलग वळण पुरतं.

थाळीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. रुंद फळीचा सगळा चेहरा एका नजरेत दिसतो. काळ्या रेघा, म्हणजे दोन बुरशींच्या हद्दी जिथे भिडल्या ती जागा, थाळीत नकाशासारख्या उलगडतात. लहरी असतील तर थाळी हातात कलती केली की चमक एका काठावरून दुसऱ्या काठाकडे सरकत जाते. हे सुख भांड्यात तितकं नाही. कातायलाही थाळी सोपी: गाउज (कातायची पन्हळी पटाशी) कुठे चाललंय ते डोळ्यांना दिसतं. फक्त बुरशी लागलेल्या लाकडात मऊ पट्टे असतात. पॉलिशपेपर ते भराभर खातो आणि चकचकीत केलेल्या सपाट थाळीत तिरप्या उजेडात खळगे दिसतात. (असं लाकूड घासताना मास्क लावाच.)

भांड्याचा त्रास आतल्या बाजूला. तोंडातून हत्यार आत घालून अंदाजाने पोखरायचं, चुरा साठला की लेथ थांबवून तो काढायचा, पुन्हा सुरू करायचं. तोंड निदान दोन बोटं जातील इतकं ठेवलं तर काम सुसह्य होतं आणि माझ्या मते दिसायलाही बरं दिसतं.

तरी माझं माप भांड्याकडे झुकलं ते एका गोष्टीमुळे. थाळी डुगडुगते.

पावसाळ्यात हवा दमट, मार्चनंतर कोरडी. लाकूड त्याप्रमाणे फुगतं आणि आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही. वर्षवलयांच्या दिशेने सगळ्यात जास्त, गाभ्याकडून सालीकडे साधारण त्याच्या निम्मं, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ काहीच नाही. थाळी आडव्या फळीची असते, त्यामुळे ती पन्हळते. बुडाला कडं काढलं तरी तेही तिच्याबरोबर पीळ खातं आणि समोरासमोरच्या दोन जागांवर टेकतं. काचेच्या टीपॉयवर ठेवा, काठाला बोट लागलं की टक्, टक्. आधी जाडसर कातून (व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी भिंत ठेवून) नीट वाळवली आणि मग पुन्हा कातली, तर हे बरंच कमी होतं; माझ्या थाळ्यांत पूर्ण गेलं नाही. आलेला प्रत्येक पाहुणा थाळी उचलून आधी बूड बघतो. लहरींकडे लक्ष नंतर जातं. मला ते फार खटकतं.

उभ्या ओंडक्याचं भांडं असं वागत नाही. त्याची उंची म्हणजे झाडाची लांबी, तिथे लाकूड फारसं हलत नाही. तोंड किंचित लंबगोल होतं, ते सहसा कुणाला कळतही नाही. बूड मध्ये थोडं खोलगट ठेवलं की ते वर्षभर स्थिर बसतं. आणखी एक फायदा तेल लावताना दिसतो. थाळीच्या काठावर समोरासमोर दोन ठिकाणी आडवा छेद (जिथे लाकडाच्या रेषांची टोकं बाहेर येतात) उघडा पडतो, तो तेल जास्त पितो आणि काळपट डाग उमटतात. भांड्यात खांद्यापाशी छेद येतो खरा, पण तो गोलाकार सगळीकडे सारखा येतो, त्यामुळे काळसर छटा मुद्दाम दिल्यासारखी वाटते. अट एकच: ओंडक्याचा मधला गाभा तुकड्याबाहेर ठेवा. तो बुडात राहिला तर तिथून चीर निघते.

तुमच्याकडे फळीच असेल, किंवा लेथ छोटा असून खोल पोखरायचं हत्यार नसेल, तर थाळीच करा. मात्र बुडाला कडं न काढता तीन पाय ठेवा. तीन पायांवर वस्तू कधी डुगडुगत नाही. त्यासाठी फळी थोडी जाड लागेल आणि पायांमधलं लाकूड हाताने पटाशीने काढावं लागेल, एवढंच.