फायबरच्या लँडलाईनचे टोन: आईच्या घरचा काही महिन्यांचा अनुभव

औशाला आई एकटी राहते. तिथली तांब्याच्या तारेची लाईन काढून फायबरवर लँडलाईन घेतली, त्याला आता बरेच महिने झाले. आवाज स्वच्छ आहे, पावसाळ्यात खरखर नाही. पण मला सांगायचंय ते टोनबद्दल. घरात म्हातारं माणूस असेल तर खरं महत्त्व त्यालाच आहे.

आईच्या फोनखाली विणलेला रुमाल असतो. त्याची कड रिसीव्हरखाली आली की रिसीव्हर बसल्यासारखा दिसतो, पण बटण पूर्ण दबत नाही. मग मी लातूरहून कितीही फोन लावा, एंगेजच! तिकडे घरात आधी डायल टोन, मग एंगेज टोन आणि तरी कुणी हललं नाही तर 'रिसीव्हर जागेवर ठेवा' सांगणारा कर्कश ट्यँ-ट्यँ सुरू होतो. पूर्वी हे टोन एक्स्चेंजमधून यायचे, आता भिंतीवरच्या मोडेममधून येतात.

हा ट्यँ-ट्यँ शेजारच्या काकूंना ओसरीपर्यंत ऐकू जातो, आईला माजघरात ऐकू येत नाही. डायल टोन मात्र तिला व्यवस्थित कळतो. आपला डायल टोन ४०० हर्ट्झचा, म्हणजे बराच खालचा. ट्यँ-ट्यँ त्याहून खूप चिरका. अमेरिकेत तर तो १४०० ते २६०० हर्ट्झमधल्या चार सुरांचा असतो. आणि वय झालं की कानातून वरचे सूरच आधी जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी हा इशारा सगळ्यात गरजेचा, त्यांनाच तो कमी ऐकू येतो. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट विजेची. जुन्या लाईनला एक्स्चेंजकडून ४८ व्होल्ट मिळायचे, त्यामुळे लाईट गेली तरी डायल टोन असायचाच. आता लाईट गेली की रिसीव्हर पूर्ण मुका. बसवायला आलेल्या माणसाने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मोडेमला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडला, तेव्हा उन्हाळा निभावला. घेणार असाल तर तो पहिल्याच दिवशी जोडून घ्या, आणि मोडेमला किती व्होल्ट लागतात ते अडॅप्टरवर वाचूनच घ्या.

आईला एवढंच शिकवलंय: बोलणं झालं की रुमाल सरळ करायचा आणि रिसीव्हर वरून दाबायचा. काकूही येता-जाता बघतात.

पाचपैकी साडेतीन. ट्यँ-ट्यँ खालच्या सुरात वाजवायची सोय दिली असती तर साडेचार दिले असते.