शेल वायूच्या विहिरींचे अंदाज बांधणारी संगणक प्रणाली: सहा महिन्यांच्या वापरानंतर

शेल वायूची (शेल या घट्ट खडकात अडकलेल्या नैसर्गिक वायूची) विहीर आयुष्यभरात किती वायू देईल, याचा सांख्यिकी अंदाज बांधणारी एक सशुल्क संगणक प्रणाली आमच्या कार्यालयाने घेतली असून गेले सहा महिने मी ती रोज वापरत आहे. टेक्सासमधील बार्नेट शेल या खडकथरातील विहिरींचे मासिक उत्पादन तेथील रेलरोड कमिशन (नाव रेल्वेचे असले तरी ही त्या राज्याची तेल-वायू नियामक संस्था आहे) सर्वांसाठी खुले ठेवते. चाचणीसाठी मी तीच आकडेवारी घेतली. आकडेवारी आत घेण्याचे काम ही प्रणाली उत्तम करते. विहीर बंद होती ते महिने ती आपणहून वेगळे काढते आणि शून्य उत्पादन व न नोंदवलेले उत्पादन यांत गल्लत करत नाही.

माझा आक्षेप तिच्या गणिताच्या मूळ मांडणीवर आहे. तेल-अभियंता आर्प्स यांनी १९४५ मध्ये मांडलेले उत्पादनघटीचे सूत्र वापरताना ती त्यातील घातांक (घटीचा वेग काळानुसार किती मंदावतो हे सांगणारा आकडा) सुरुवातीच्या आकड्यांवरून ठरवते. शेलमधून वायू विहिरीभोवती दाबाने पाडलेल्या भेगांकडे फार संथ झिरपतो. त्यामुळे सुरुवातीला उत्पादन साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते आणि घातांक १ च्या वर जातो. तोच घातांक कायम धरला, तर एकूण उत्पादनाला गणिताने मर्यादाच उरत नाही. प्रत्यक्षात शेजारच्या भेगांची निचऱ्याची क्षेत्रे (प्रत्येक भेग ज्या भागातून वायू ओढते तो भाग) एकमेकांना भिडली की घट वेग घेते. एका विहिरीचे पहिले २४ महिने प्रणालीला देऊन पुढची वर्षे मी झाकून ठेवली, तेव्हा तिने काढलेली रेघ चौथ्या वर्षापासून प्रत्यक्ष उत्पादनाच्या ठिपक्यांपासून सुटून वरच राहिली. अंतिम घटीचा दर (ज्याच्या खाली वार्षिक घट जाऊ द्यायची नाही तो दर) हाताने घालण्याची सोय आहे, पण ती मेनूत खोलवर दडलेली आणि मुळात बंद असते. ती पहिल्यापासून चालू असायला हवी.

पी-९०, पी-५० आणि पी-१० (प्रत्यक्ष उत्पादन त्याहून जास्त निघण्याची शक्यता अनुक्रमे ९०, ५० व १० टक्के असलेले अंदाज) असे तीन आकडे ती देते, हे योग्यच आहे. मात्र कंपन्या जिथे भूस्तर सर्वांत चांगला दिसतो तिथेच आधी विहिरी खोदतात, याची दखल न घेता प्रणाली त्या विहिरींची सरासरी न खोदलेल्या क्षेत्रालाही लावते. आधार तोकडा असताना आकडे किती पालटतात, हे पोलंडमध्ये दिसले आहे: अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने २०११ मध्ये तेथे सुमारे ५.३ लाख कोटी घनमीटर वायू काढता येईल असे म्हटले होते, तर पोलंडच्याच भूवैज्ञानिक संस्थेने २०१२ मध्ये बहुधा ३४,६०० ते ७६,८०० कोटी घनमीटर एवढाच अंदाज दिला.

विहिरींचे ठिकाणानुसार गट पाडण्याची सोय आम्ही विक्रेत्याकडे मागितली आहे. ती येईपर्यंत खोदलेल्या विहिरींसाठी ही प्रणाली वापरावी, नव्या क्षेत्राच्या निर्णयासाठी वापरू नये, असे मी सहकाऱ्यांना लेखी कळवले आहे.