लघवीतलं अल्ब्युमिन: पट्टी, स्पॉट, एसीआर की चोवीस तास?

मधुमेहात मूत्रपिंड बिघडू लागलं, की अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीतून थोडं थोडं जाऊ लागतं. ते तपासायला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'युरीन मायक्रोअल्ब्युमिन' एवढंच असलं, की म्हापशात लॅबच्या खिडकीवर विचारतात, "स्पॉट, एसीआर की चोवीस तासांची?" आमचे काका म्हणाले, "स्वस्त असेल ती करा." २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वांत जास्त निघालं. तेव्हा खिडकीवर काका एकटे नसणार.

रुटीन तपासणीत लघवीत बुडवतात ती पट्टी सगळ्यांत स्वस्त. पण तिच्यावर रंग उमटायला अल्ब्युमिन बरंच जावं लागतं. दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम हा जो सुरुवातीचा टप्पा आपल्याला पकडायचा असतो, तो तिच्या हातून बहुधा निसटतो. 'प्रोटीन नील' वाचून निर्धास्त होऊ नका.

खरी निवड आहे ती नुसता स्पॉट आणि एसीआर यांत. स्पॉटमध्ये एका वेळच्या नमुन्यावरून लिटरमागे अल्ब्युमिन किती, एवढंच मोजतात. साधारण २० मिलिग्रॅमच्या पुढे ते जास्त धरतात. एसीआर म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. त्यात त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिनही (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) मोजून भागाकार करतात. समजा, लॅबला जाण्याआधी तुम्ही तांब्याभर पाणी प्यायलात. अल्ब्युमिन लिटरला १५ मिलिग्रॅम आलं, म्हणजे स्पॉटमध्ये पास. पण क्रिएटिनिनही पातळ होऊन ०.४ ग्रॅमवर आलेलं, भागाकार ३७.५, म्हणजे ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेबाहेर. उलट सकाळच्या दाट लघवीत अल्ब्युमिन ४० आणि क्रिएटिनिन १.६ ग्रॅम असेल, तर स्पॉट घाबरवतो आणि एसीआर २५ येतो. चार पैसे जास्त गेले तरी मी एसीआरच करीन, तेही सकाळच्या पहिल्या लघवीचं. युनिट मात्र बघा. ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम म्हणजेच मिलिमोलमागे सुमारे ३. दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून उगीच हबकू नये.

एसीआरलाही खोट आहे. हाडकुळ्या आजीचं क्रिएटिनिनच कमी, त्यामुळे आकडा फुगतो. पिळदार शरीराच्या माणसाचा दबतो. अशा वेळी डॉक्टर चोवीस तासांची लघवी मागू शकतात. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि मग दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंतचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये. एकदा विसरलात की हिशेब चुकला. चवथीला पाहुण्यांनी भरलेल्या घरात हा उद्योग करू नये, एवढं मी अनुभवाने सांगते.

आकडा ३० च्या वर आला तरी एका कागदावर शिक्का बसत नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, फार चढलेली साखर, आदल्या संध्याकाळचा दमवणारा फुटबॉल, या सगळ्यांनी आकडा तात्पुरता वर जातो. टाइप २ वाल्यांनी निदान झाल्यापासून आणि टाइप १ वाल्यांनी पाच वर्षांनंतर दरवर्षी ही तपासणी करावी.

सोबत रक्तातलं क्रिएटिनिनही करून घ्या, काणकोणकरांनी तर नक्कीच. दक्षिण गोव्यातल्या त्या तालुक्यात मधुमेह नसलेल्यांतही कारण न उलगडलेला मूत्रपिंडाचा आजार दिसतो, आणि तशा आजारात अल्ब्युमिन फारसं जात नाही. लघवीचा कागद चांगला आणि मूत्रपिंड अर्धं गेलेलं, असंही होऊ शकतं.