चिखलदऱ्याचा मुक्काम: खोली झकास, पण पाणी कोणाचं?

विदर्भाला थंड हवेचं ठिकाण म्हणून हेच काय ते एक, उंची साधारण ११०० मीटर. परतवाड्याहून घाट चढला की श्रावणात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. त्या धुक्याला आणि भीमकुंडाच्या धबधब्याला पाचपैकी साडेचार. मुक्कामाच्या सोयीला मात्र तीनच.

कारण पाणी. पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा खडक. मुरतं कमी, उतारानं वाहून जातं जास्त. उन्हाळ्यात टंचाई ठरलेली. शहरी हिशेब रोज माणशी १३५ लिटरचा, जल जीवन मिशनमध्ये खेड्यात माणशी ५५. म्हणजे वीस खोल्यांत चाळीस पाहुणे असले तर रोज ५४०० लिटर. तेवढ्यात खेड्यातली ९८ माणसं भागवतात. दहा मिनिटांच्या शॉवरला शंभरेक लिटर जातात, बादलीनं वीसात आंघोळ होते. बुकिंगच्या वेळी एसीबद्दल नंतर विचारा. आधी विहीर, बोअर की टँकर ते विचारा. मे महिन्यात स्विमिंग पूल काठोकाठ भरलेला असेल तर तो कोणाच्या वाट्याचा, हेही.

दुसरी गोष्ट ब्रोशरमध्ये नसते. खडकातला शोषखड्डा पावसाळ्यात पाणी पीत नाही, भरून वर येतो. खोलीच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा: आंबूस वास, नालीत साबणाचा फेस दिसला की समजा, सगळं खालच्या ओढ्यात चाललंय. सेप्टिक टँकपुढे वाळू-खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावली, तर बराच फरक पडतो. खर्चही फार नाही, मालकाची इच्छा हवी.

इथल्या पर्यटनाबद्दल मतं विचारली तर प्रत्येकाचं वेगळं. हॉटेलवाल्यांना दरीवरचा काचेचा स्कायवॉक लवकर हवाय. वनखात्याला १९७४ पासूनच्या व्याघ्र प्रकल्पाशेजारी रात्रीचे दिवे आणि डीजे नको. कोरकू आदिवासी पाड्यांतल्या पोरांच्या वाट्याला बहुतेक भांडी आणि झाडू. काउंटरवर बाहेरचाच माणूस. त्यामुळे गावातल्याच कुटुंबाचा होमस्टे मिळाला तर आम्ही तोच सुचवू, गरम पाणी चुलीवरचं असलं तरी. भाकरी-पिठलं गरम मिळतं, पैसे गावातच राहतात.

माकडांना मक्याचं कणीस देऊ नका. पुढच्या वेळी ती हातातली पिशवीच ओढतात, आणि प्लास्टिकसकट.

खरेदीत जवळच्या मोथा गावाकडची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात चांगली. खवा मात्र पारखून घ्या. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा जेमतेम किलोभर होतो, तेव्हा फार स्वस्त मिळाला तर शंका घ्या. बोटांत चोळल्यावर तूप सुटायला हवं. आयोडिनचा थेंब टाकून निळा पडला तर त्यात पीठ आहे. लाकडाच्या भट्टीचा भार जंगलावरच येतो, म्हणून गॅसवर आटवणारा सापडला तर दोन पैसे जास्त द्या. आणि रविवारी दुपारी दोनच्या आत घाट उतरा, नंतर वळणावळणावर गाड्या अडकतात.