बाबागाडीच्या सीटचा खटका: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

ज्या बाबागाडीची सीट फ्रेमवरून काढता येते आणि उलट दिशेनेही बसवता येते, त्या गाडीत लेकराचा सगळा भार शेवटी दोन खटक्यांच्या भरवशावर असतो. चाके, ब्रेक, छत आणि कापड यांविषयी दुकानदार भरभरून बोलतात. सीट फ्रेमला नेमकी कशाने धरलेली आहे, हे मात्र विचारल्याशिवाय कोणी दाखवत नाही. परभणीत आमच्या घरी ही गाडी मार्चपासून दिवाळीपर्यंत रोज वापरात राहिली आणि त्या काळात मी सर्वाधिक लक्ष या खटक्यांकडे दिले, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे.

आमच्याकडे सीट काढण्या-बसवण्याचे प्रसंग फार येतात. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे फ्रेम खाली जिन्याजवळ राहते आणि सीट वर घरात येते. मोटारीच्या डिकीत सीएनजीची टाकी असल्याने उरलेल्या जागेत फ्रेम आणि सीट वेगवेगळी केल्याशिवाय मावत नाहीत. शिवाय मुलगी लहान होती तोपर्यंत सीट आमच्याकडे तोंड करून लावत होतो. वर्षाची झाल्यावर तिला रस्ता पाहायचा असतो, म्हणून कृषी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाताना ती बाहेरच्या दिशेने आणि झोपेची वेळ झाली की पुन्हा आमच्या दिशेने लावतो. ज्यांच्या घरी सीट एकदा बसवली की महिनोन्‌महिने तशीच राहते, त्यांना पुढील मजकुरातील निम्म्या गोष्टी कदाचित कधीच जाणवणार नाहीत.

बाळाची दिशा बदलण्याची सोय तशी जुनी आहे. विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय अमेरिकी संशोधकाने १८८९ मध्ये अशा बाबागाडीचे पेटंट घेतले, की जिच्यातील बाळाची टोपली खास सांध्यावर फिरवून आईकडे तोंड करता येत असे. त्या रचनेत टोपली सांध्यावरच फिरते. आजच्या गाड्यांत सीट पूर्णपणे उचलून हातात येते आणि पुन्हा ठेवली जाते. म्हणजे जो जोड पूर्वी केवळ फिरत होता, तो आता प्रत्येक वेळी पूर्ण तुटतो आणि नव्याने जुळतो. तो दर वेळी पुरता जुळला की नाही, हाच या वस्तूचा खरा प्रश्न आहे.

आमच्या गाडीतील रचना अशी आहे. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना वर तोंड असलेली एकेक प्लास्टिकची खोबण आहे. सीटच्या दोन्ही बाजूंना खाली निमुळती होत जाणारी, मध्ये खाच असलेली चपटी जीभ आहे. जीभ खोबणीत उतरू लागली की तिच्या उताराने आतला स्प्रिंगवरचा आकडा मागे ढकलला जातो आणि खाच समोर आली की आकडा तिच्यात शिरतो. आकड्याचा माथा किंचित आतल्या बाजूस कललेला असल्यामुळे सीट वर ओढली तर तो सुटण्याऐवजी खाचेत अधिकच रुततो. सीट काढताना दोन्ही बाजूंची लहान पट्टी आधी सरकवावी लागते आणि ती तशीच धरून बटण दाबावे लागते. एका बाजूचे बटण दाबून काहीही होत नाही. ज्यांनी हे रचले त्यांनी ते विचारपूर्वक रचले आहे. पट्टी सरकवणे आणि बटण दाबणे या दोन क्रिया एकत्र कराव्या लागतात, म्हणून सीटवर बसलेल्या मुलीच्या बोटांनी वा खोबणीजवळ अडकलेल्या ओढणीने खटका सुटण्याची भीती मला वाटत नाही.

भीती आहे ती वेगळ्या गोष्टीची. खटका लागलेला नसतानाही सीट फ्रेमवर व्यवस्थित उभी राहते. तिचे आणि लेकराचे वजन खालीच ढकलत असते, जीभ खोबणीत असते, त्यामुळे सपाट फरशीवर गाडी ढकलली तर काहीच वेगळे जाणवत नाही. फरक पडतो तो गतिरोधकावर, पुढची चाके खड्ड्यात गेल्यावर, फुटपाथवर चढवण्यासाठी गाडी मागे कलवल्यावर, किंवा मूल एकाएकी पुढे झुकल्यावर. त्या क्षणी सीटची एक कड वर उचलली जाते आणि तिला धरणारा आकडा खाचेत नसेल तर ती उचललीच जाते. त्याहून वाईट अवस्था म्हणजे एक बाजू लागलेली आणि दुसरी मोकळी; कारण एका बाजूचा टक् आवाज ऐकून माणूस निश्चिंत होतो. म्हणून खटका किती मजबूत आहे यापेक्षा, तो अर्धवट बसलेला असताना तसे सांगतो की नाही, यावर मी त्याची किंमत ठरवतो.

आमच्या गाडीत दोन्ही बाजूंना लहान खिडकी आहे आणि तिच्यात लाल किंवा हिरवा रंग दिसतो. खरेदीपूर्वी आम्ही दोन प्रकारच्या गाड्या पाहिल्या आणि दोघींनाही अशी खिडकी होती. दुकानदाराच्या परवानगीने मी रिकाम्या सीटच्या खाचेत पुठ्ठ्याची जाड घडी बसवली, जेणेकरून आकड्याला आत शिरता येऊ नये, आणि सीट खाली दाबली. एका गाडीत खिडकी लालच राहिली. दुसरीत ती हिरवी झाली. कारण उघड होते: पहिलीत रंगाची पट्टी प्रत्यक्ष आकड्यालाच जोडलेली होती, तर दुसरीत ती बटणाला जोडलेली होती आणि बटण आपल्या वेगळ्या स्प्रिंगवर जागेवर परत येत होते, आकडा आला असो वा नसो. टक् आवाज मात्र दोन्ही गाड्यांत आला. त्या दिवसापासून आवाजावर मी विसंबत नाही आणि पहिली गाडी थोडी महाग असूनही तीच घेतली. आज पुन्हा घ्यायची झाली तरी एवढ्या एका कारणासाठी तीच घेईन.

वैशाखात या खिडकीने आपले काम केले. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील धूळ म्हणजे पिठासारखा बारीक फुफाटा असतो. काळ्या मातीचा तो थर दाराखिडक्या बंद असल्या तरी आत येतो. आमची फ्रेम जिन्याखाली सीटविना उभी असते आणि खोबणींची तोंडे वरच्या बाजूस आहेत, तेव्हा धूळ सरळ आत पडत राहते. त्यात भर म्हणजे नाचणीच्या सत्त्वाचे ओघळ आणि बिस्किटांचा चुरा. या सगळ्याचा चिकट लगदा उजव्या आकड्याच्या मागे साचला आणि आकडा हळू परत येऊ लागला. माझ्या आईने ते प्रथम पाहिले. ती म्हणाली, "अरे, इकडचं हिरवं पुरतं आलंच नाही. लेकराला बसवू नको अजून." खिडकीत खरोखरच अर्धा लाल आणि अर्धा हिरवा रंग होता आणि सीट त्या बाजूने वर ओढल्यावर थोडी उचललीही गेली.

साफसफाई करणे अवघड नाही, मात्र ती कोरडी ठेवायला हवी. खोबण उलटी करून आधी सुक्या टूथब्रशने माती मोकळी करावी, संगणक झाडण्याच्या ब्लोअरने ती उडवावी, आणि साखरेचा चिकटा असेल तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे. खटका अडकला की शिलाई मशीनचे किंवा खोबरेल तेल घालण्याची आपल्याकडे सर्वांची सवय आहे आणि आमच्या शेजारच्या काकूंनीही प्रेमाने तेच सुचवले होते. परंतु तेलावर फुफाटा बसला की त्याची पेस्ट होते आणि दोन आठवड्यांत आकडा आधीपेक्षा जड चालतो. वंगण द्यायचेच झाले तर वाळून जाणारा सिलिकॉनचा फवारा अगदी थोडा द्यावा. आता आम्ही फ्रेम ठेवताना दोन्ही खोबणींवर जुन्या मोज्याची टोपी चढवतो आणि तेव्हापासून तो लगदा पुन्हा साचलेला नाही. उत्पादकाने खोबणींसाठी रबरी झाकणे दिली असती तर हे करावे लागले नसते, एवढी माझी या रचनेबद्दल ठाम तक्रार आहे.

उष्णतेने खटक्याचे काही बिघडले नाही. मे महिन्यात इथे पारा ४० अंशांच्या वर राहतो, पण काचतंतू मिसळलेले नायलॉन त्या तापमानाला मऊ पडत नाही. ऊन लागणाऱ्या बाजूच्या खिडकीतील हिरवा रंग मात्र फिकट झाला आहे आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तो पटकन ओळखू येत नाही.

पावसाळ्यात वेगळीच गोष्ट दिसली. ऑगस्टमध्ये सलग झड लागली तेव्हा जीभ खोबणीत घट्ट जाऊ लागली आणि सीट बसवायला जोर लावावा लागू लागला. नायलॉन हवेतील ओलावा शोषते आणि किंचित फुगते. बहुधा त्याचाच हा परिणाम असावा, कारण पाऊस उघडल्यावर काही दिवसांनी ती पूर्ववत झाली. असिटल नावाचे प्लास्टिक ओलावा फार कमी शोषते, म्हणून सरकत्या भागांसाठी ते वापरलेले असेल तर अधिक चांगले. घट्टपणा ही केवळ गैरसोय नाही, हे येथे सांगितले पाहिजे. जोर लावताना माणूस नकळत एकाच बाजूवर अधिक दाबतो, ती बाजू लागते आणि दुसरी वरच राहते. दोन्ही तळवे सीटच्या दोन्ही कडांवर ठेवून एकाच वेळी दाबणे, हाच त्यावर उपाय आहे.

दोन हातांशिवाय सीट निघत नाही, ही माझ्या पत्नीची तक्रार आहे आणि ती अगदी खरी आहे. मूल कडेवर असताना सीट काढता येत नाही. कोणी तरी दुसरे लागते. काही गाड्यांत सीटच्या पाठीमागे एकच दांडा ओढला की केबलने दोन्ही आकडे एकदम सुटतात आणि एका हाताने काम होते. ते सोयीचे आहे, पण केबल सैल पडली की एक आकडा आधी आणि एक मागाहून हलणार, अशी शंका मला राहते. आईला अंगठ्याच्या सांधेदुखीमुळे बटण दाबणे जड जाते, म्हणून सीट काढण्याचे काम आम्ही दोघेच करतो. सीट बसवणे तिला सहज जमते, कारण त्याला बटण लागत नाही.

एक प्रसंग रेल्वे स्थानकांवर हमखास येतो. पादचारी पुलाच्या पायऱ्यांपाशी कोणी ना कोणी मदतीला धावून येते आणि सीटला जोडलेली पुढची आडवी पट्टी धरून गाडी उचलू लागते. भावना चांगली असते, पण ती पट्टी उचलण्यासाठी नाही. तिथून उचलल्यास फ्रेमचे वजन सीटच्या जोडांवर उलट्या दिशेने लटकते. आम्ही मुलीला आधी कडेवर घेतो, मदत करणाऱ्याला फ्रेमचा खालचा दांडा दाखवतो आणि मगच गाडी उचलू देतो.

बाबागाड्यांसाठीच्या ईएन १८८८ या युरोपीय मानकात सीट, आडवी टोपली किंवा कार सीट जोडणारे खटके वापरापूर्वी नीट लागले आहेत का ते तपासा, असा इशारा माहितीपत्रकात देणे आवश्यक मानले आहे. त्या मानकाचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आणि दुसरा १५ ते २२ किलोपर्यंतच्या मुलांच्या गाड्यांसाठी आहे. आमच्या गाडीवर पहिल्या भागाचा उल्लेख आहे, पण सगळे पत्रक इंग्रजीत आहे आणि गाडी दिवसभर ज्यांच्या हाती असते ते आजी-आजोबा ते वाचणार नाहीत. म्हणून मी दांड्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: सीट रिकामीच बसवा, दोन्ही खिडक्या हिरव्या पाहा, दोन्ही बाजू वर ओढून पाहा, मग लेकरू बसवून पाच टोकांचा पट्टा लावा. हा क्रम आमच्या घरात आता कोणी मोडत नाही. वर ओढून पाहण्याची पायरी रंग फिका झाल्यापासून अधिकच महत्त्वाची झाली आहे.

नव्या गाडीतही सीट थोडी मागे-पुढे हलते, तो खोबणीतील स्वाभाविक ढिलेपणा आहे आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. आमच्याकडे तो थोडा वाढला आहे. पुढे-मागे हलणे वेगळे आणि वर उचलले जाणे वेगळे. दुसरे जरासुद्धा दिसले तर गाडी वापरू नये.

सुट्या भागांबाबत मात्र निराशा आहे. फिकट पडलेली रंगपट्टी बदलून मिळावी म्हणून मी उत्पादकाच्या ग्राहक सेवेशी बोललो, तेव्हा एका बाजूचा संपूर्ण खटकाच बदलावा लागेल आणि तो मागवण्यास वेळ लागेल, असे उत्तर मिळाले. मी तो मागवला आहे. गावातील कारागिराकडून दुसरी स्प्रिंग बसवून घेण्याचा सल्लाही मिळाला होता, पण या जागी अंदाजाची स्प्रिंग मी बसवणार नाही.

कोणाची वापरलेली गाडी घेणार असाल, तर सीट उलटी करून दोन्ही जिभांच्या खाचांची कड बोटाने चाचपा. ती धारदार आणि सरळ असावी. कड गोल झालेली असेल, तिथे पांढरट चरे पडलेले असतील, किंवा सीट एका गाडीची आणि फ्रेम दुसऱ्या गाडीची जुळवलेली असेल, तर कितीही कमी किमतीत मिळाली तरी ती घेऊ नका.